दोन गाठींची मुंगी

सविता मॅडमनी बाटलीचं बूच काढलं, नाकाशी नेलं आणि झटकन मान मागे घेतली.

"मामा, हे काय आहे?"

"मुंग्या हायत, मॅडम."

"त्या दिसतायत. बुडवल्यात कशात?"

सहादू भोयेने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचा तो शिपाई. सत्तावीस वर्षं झाली होती आणि येत्या शनिवारी, एकतीस ऑक्टोबर अठ्ठ्याण्णवला, तो निवृत्त होणार होता.

"जातानाच एसटीत स्पिरिटची बाटली फुटली. मग गावी, हरसूलला, बहिणीकडून, कुसाबाईकडून, मोहाची घेतली. पण पहिल्या धारेची हाय, लय कडक!"

मॅडम हसल्या नाहीत.

कपाटात मुंग्यांच्या प्रत्येक प्रजातीची वेगळी पेटी होती. एक मात्र पहिल्यापासून रिकामी, वर नुसतीच चिठ्ठी: लेप्टानिला. जमिनीच्या पोटात राहणारी, आंधळी, तिळाहून बारीक. मॅडमनीही ती चित्रातच पाहिलेली. सहादू गावी गेला की कुदळ घेऊन माती उकरायचा. तीनदा त्याने आंधळ्या मुंग्या आणल्या, तिन्ही वेळा कमरेला एकच गाठ निघाली. म्हणजे नेहमीचंच दुसरं कुळ. हिला दोन गाठी हव्यात. जाण्याआधी ती पेटी भरलेली बघायची, एवढाच त्याचा हट्ट होता.

"दारू पातळ असली तर अंग सडतं, मामा. मग गाठी मोजायच्या कशा?" असं पुटपुटत मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. बराच वेळ वर बघेचनात. मग बाजूला सरकल्या. "तुम्हीच मोजा."

सहादूने डोळा लावला. फिकट पिवळं अंग, डोळ्यांचा पत्ता नाही.

"एक... दोन." त्याने पुन्हा मोजलं. "दोन हायत, मॅडम! आन् धडधाकट हाय बया!"

"कुसाबाईंना सांगा, धार खरंच पहिली होती," मॅडम म्हणाल्या आणि आता मात्र खळखळून हसल्या.

त्यांनी नखाएवढी चिठ्ठी लिहायला घेतली. संग्राहक: सहादू भोये. ठिकाण: हरसूल. द्रव: मोहाची दारू.

"दारूचं नका ना लिहू. मोठी मोठी मान्सं वाचतील."

"लिहावंच लागतं, मामा. नावही लिहावंच लागतं."

हजेरीपटाबाहेर आपलं नाव त्याने प्रथमच पाहिलं. त्याला फार आनंद झाला, आणि डोळेही भरून आले.

शनिवारी संध्याकाळी त्याने नेहमीसारखी कपाटं पुसायला घेतली. लेप्टानिलाची पेटी तो रिकामी म्हणून सत्तावीस वर्षं फडक्याने खसाखसा पुसत आला होता. आज त्याने फडकं खांद्यावर टाकलं, पेटी दोन्ही हातांत धरली आणि वरच्या धुळीवर हळूच फुंकर मारली.