नाव घातलेलं ताट

"नाव काय घालायचं?" पिराजीअण्णांनी ताट मांडीवर घेतलं आणि मान वर न करता विचारलं.

"नाव नको काका, नंबर घाला. एक ते दोनशे."

आता मात्र अण्णांनी मान वर केली. समोर तिशीतली एक बाई उभी होती, पाठीला लॅपटॉपची सॅक आणि पायाशी स्टीलच्या ताटांची दोन पोती.

"नंबर गाडीला असतोय अक्का, नाहीतर जेलातल्या माणसाला. भांड्याला नाव असतंय."

"बरोबर आहे हो, पण ही कॉमन ताटं आहेत. कुणा एकाची नाहीत."

"सरी, तुमची मर्जी," अण्णा म्हणाले आणि त्यांनी मशीनचं बटण दाबलं.

या कानडी शहराच्या चामराजपेट बाजारातल्या दयानंदाच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर अण्णा चौतीस वर्षं बसत होते. लोकांच्या भांड्यांवर नावं घालायची, हा त्यांचा धंदा. आधी छिन्नी-हातोडीने ठिपक्याठिपक्यांची अक्षरं काढत, मग हे विजेचं पेनासारखं मशीन आलं. मराठी, कन्नड, तमिळ, तेलुगू, कुठल्याही लिपीत त्यांचा हात चाले. वाचता सगळं येत नसे, पण कागदावर लिहून दिलेलं अक्षर स्टीलवर हुबेहूब उतरवत. एके काळी लग्नसराईत त्यांच्यासमोर फुटपाथपर्यंत रांग लागायची. आता आहेरात पाकिटं देतात, नाहीतर मिक्सर, आणि मिक्सरवर कोण नाव घालून घेतं? कधीकधी अख्खा दिवस मशीनवरची धूळ पुसण्यात जाई. अशा दिवसांत दोनशे ताटं घेऊन आलेली बाई म्हणजे दारी चालून आलेली लक्ष्मीच. मग नंबर तर नंबर.

बाईचं नाव सुखदा. ती मूळची पुण्याची, राहायला सर्जापूर रोडला, तीनशे फ्लॅटच्या सोसायटीत. अण्णांचं काम चाललं होतं आणि तिचं बोलणं. गणपतीत सोसायटीने महाप्रसाद केला, तो चंदेरी कागदाच्या पत्रावळ्यांवर. त्या कागदाला आतून प्लास्टिक. ओल्या कचऱ्यात घेईनात, सुक्यात घेईनात. खरकट्याची पोती बारा दिवस भिंतीमागे पडून राहिली आणि एक दिवस तिथे एक गाय ती पत्रावळ चघळताना सुखदाला दिसली.

"मला इतकी लाज वाटली ना काका! म्हणजे घरी मी कंपोस्ट करते, कापडी पिशवी नेते, डब्याशिवाय मासे आणत नाही. आणि प्रसादाचं जेवण गाईच्या पोटात प्लास्टिक घालतंय."

तिच्या घरी कचऱ्याचे इतके डबे झाले होते, की तिचा नवरा मल्हार पाहुण्यांना म्हणे, "बसा, पण बघून बसा." तरी ही ताट बँकेची कल्पना त्यालाही पटली होती. वर्गणी काढून दोनशे ताटं घ्यायची, ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यायची आणि धुऊन परत ठेवायची. नंबर घातले की कुठलं ताट कुठे गेलं ते कळेल, असा तिचा हिशेब. अण्णांना त्यात काही राम वाटला नाही, पण गिऱ्हाइकाला शिकवायचं नसतं. दोन दिवसांत त्यांनी दोनशे नंबर घातले.

दसरा झाल्यावर सुखदा पुन्हा आली, ती पडलेल्या चेहऱ्याने.

"तीस ताटं गेली काका. चोरी नाही हो, कुणीच चोर नाही. एक कुंडीखाली सापडलं. एकात वॉचमन कुत्र्याला भात घालत होता. बाकीची कुणाच्या किचनमध्ये असतील, त्यांनाही माहीत नसेल. विचारलं की सगळे म्हणतात, सोसायटीचंच आहे ना, मिळेल. आता आमचे चेअरमन म्हणताहेत, दिवाळीच्या जेवणाला पत्रावळ्याच आणू. म्हणे, सुखदा, बी प्रॅक्टिकल."

अण्णांना हसू आलं. "एकशे बारा नंबर कुणाचा कोण लागतो, अक्का? चौतीस वर्षं बगतोय मी. दुसऱ्याचं नाव असलेली वाटी जरी घरात ऱ्हायली ना, तर बाईला चैन पडत न्हाई. पोराला पिटाळती, जा, देऊन ये. नंबरासाठी कोण पिटाळतंय?"

"मग प्रत्येक फ्लॅटचं नाव घालू?"

"बेडा, बेडा! ते नको. स्वतःचं नाव दिसलं की माणूस ताट उचलून घरी नेतोय." अण्णांनी थोडा विचार केला. "ज्याच्या हातचं जेवून मोठं झालात त्याचं नाव घाला. प्रत्येकानं एक सांगायचं. बघू कोण ते ताट कुत्र्याला देतंय."

सुखदाने फोन काढून ते लिहून घेतलं. "आणि तरीही गेली तर?"

"दिवाळीच्या जेवणात एक जरी ताट हरवलं, तर हे मशीन मी पुन्हा हातात धरणार न्हाई."

"अण्णा, स्वल्प विचार करून बोला," गल्ल्यावरून दयानंद ओरडला. पण अण्णा बोलून बसले होते, आणि चामराजपेटेत अण्णांचं बोलणं फिरत नसे.

रविवारी अण्णा पिशवीत मशीन घालून दोन बस बदलून सर्जापूर रोडला गेले. सोसायटीच्या क्लबहाउसच्या व्हरांड्यात त्यांना टेबल, खुर्ची आणि विजेचं बटण दिलं होतं. खुर्चीवर त्यांचा हात बसेना, म्हणून ते खाली सतरंजीवर बसले. पहिल्या रविवारी आले जेमतेम पंधरा जण, त्यातले सहा सुखदाच्या घरचे नि मैत्रिणी. बाकीचे येता-जाता बघत आणि फोनवर बोलत निघून जात. चेअरमन रघुनंदन नागपूरचे. ते येऊन म्हणाले, "काका, आयडिया इमोशनल आहे, पण स्केल नाही होणार हे." अण्णांना इमोशनल तेवढं कळलं.

मग आठवडाभरात काय झालं कोण जाणे. बहुतेक लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ती पंधरा नावं फिरली असावीत. दुसऱ्या रविवारी नऊ वाजता व्हरांड्यात रांग लागली होती. कितीतरी वर्षांनी आपल्यासमोर रांग बघून अण्णांना उगाच चष्मा पुसावासा वाटला.

लोक आजीचं नाव सांगत, आईचं सांगत. एका म्हाताऱ्या तमिळ गृहस्थांनी बायकोचं नाव सांगितलं आणि बायकोने तिथल्या तिथे त्यांना विचारलं, "मग रोज नावं कशाला ठेवता?" सडपातळ बांध्याचा एक मुलगा म्हणाला, "योगीराज." हे कोण, म्हणून विचारलं तर म्हणाला, "आमचे मेसवाले. चार वर्षं जेवलोय. पैसे थकले तरी कधी वाढायचं थांबले नाहीत." अण्णांनी ते नाव जरा ठळक घातलं.

सोसायटीत झाडलोट करणारी महानंदा खांबाशी उभी राहून बघत होती. ती निपाणीकडची. ताटं घासायचं काम तिच्याकडेच होतं.

"तू बी सांग की," अण्णा म्हणाले. "कुणाच्या हातचं जेवलीस?"

"म्या? आय लहानपणी गेली, अण्णा. सातव्या वर्षापास्नं माझ्याच हातचं जेवत्ये." ती हसली. "घाला मग, महानंदा."

अण्णांनी 'महानंदा' घातलं आणि ताट तिच्या हातात दिलं. तिने अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि ते इतर ताटांत नेऊन ठेवलं.

रांग संपली तेव्हा दुपार कलली होती. चेअरमन रघुनंदन आले, हात मागे बांधून. "एखादं राहिलंय का?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. "सगुणाबाई घाला. आमच्या मोठ्या आत्या. बोर्डाच्या परीक्षेला तीन महिने मला त्यांनीच..." नाव होईपर्यंत ते मोबाइलमध्ये बघत राहिले.

आता एकच ताट उरलं.

"काका, हे तुमचं," सुखदा म्हणाली. "तुम्ही कुणाचं घालणार?"

अण्णांनी ताट मांडीवर घेतलं, पण मशीन चालू करेनात. चामराजपेटेत हजारो भांड्यांवर नावं घालणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरी एकाही भांड्यावर नाव नव्हतं. भागुबाई कितीदा म्हणाली होती, "एकावर तरी माझं नाव घाला की. जगाची घालता." अण्णा म्हणायचे, "अगं, जे भांडं घराबाहेर जातंय त्याला नाव लागतंय. आपली भांडी कुठं जातात?" ती त्याच बिननावाच्या ताटात त्यांना वाढायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. अंत्यविधीहून परत आल्यावर अण्णांनी घरातलं एकेक भांडं उलटं करून पाहिलं होतं. कशासाठी, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यानंतर मशीन घरी नेऊन नाव घालायचं त्यांना धाडस झालं नाही. आता घालून कुणाला दाखवायचं, हा प्रश्न होता.

मशीन सुरू झालं. 'भागुबाई', चार अक्षरं. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच अण्णांचं अक्षर चुकलं आणि शेवटच्या 'ई'चा शेंडा जरा वाकडा गेला. त्यांनी काठ धोतराने पुसला आणि ताट सगळ्यांच्या ताटांवर ठेवलं.

दिवाळीच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सुखदाचा फोन आला.

"काका, एकही पत्रावळ नाही वापरली! कचरा फक्त दोन बादल्या, तोही कंपोस्टात गेला. लोक एकमेकांच्या ताटावरची नावं वाचत जेवत होते, तुम्ही बघायला हवं होतं. फक्त... एक ताट कमी आहे."

"कुठलं?"

"सगळीकडे शोधलं हो, काका."

"कुठलं, अक्का?"

"भागुबाई."

अण्णांनी फोन ठेवला, मशीनची वायर गुंडाळली, मशीन फडक्यात बांधलं आणि पायरीच्या कोपऱ्यात सरकवून दिलं. त्यांना आपल्या शब्दाचं तेवढं वाईट वाटलं नाही. शब्द हरला, हरू दे. पण तिचं नाव जन्मात एकदा घराबाहेर पडलं आणि पडल्या पडल्या हरवलं, हे त्यांच्या छातीत रुतून बसलं. कुणा परक्याच्या कुंडीखाली ती पालथी पडली असेल, असं त्यांना राहून राहून वाटे.

दोन दिवस त्यांनी गिऱ्हाइकं परत पाठवली. "अण्णा, एकाच ताटासाठी काय हे? मान्य करा, सगळी तर मिळाली," दयानंद म्हणाला. अण्णा "आयतु बिडू, झालं, सोड," म्हणाले, तरी पायरीवर येऊन बसायला मात्र चुकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास रिक्षा थांबली आणि सुखदा उतरली. तिच्या दोन्ही हातांत कापडाने झाकलेलं काहीतरी होतं. तिने ते अण्णांच्या मांडीवर ठेवलं आणि कापड काढलं. ताटात शेंगदाण्याच्या पोळ्या रचल्या होत्या. काठावर 'भागुबाई', शेवटचा 'ई' वाकडा.

"महानंदाकडे होतं," सुखदाला धाप लागली होती. "तिची सासू आजारी आहे, उठता येत नाही. तिच्यासाठी वाढून नेलं होतं हिने. दुसऱ्या दिवसापासून ती सुट्टीवर होती, आणि मी वेड्यासारखी शोधत बसले! आज सकाळी घेऊन आली. म्हटलं, अगं, इतके दिवस का ठेवलंस? तर म्हणाली, सासू सोडेना. सासू म्हणते, ताटावर बाईमाणसाचं नाव हाय, लेकीबाळीचं ताट रिकामं कसं पाठवायचं? बरं वाटू दे, मग पोळ्या करून भरून दे. काल तिला बरं वाटलं. पडल्या पडल्या सांगत होती आणि महानंदा लाटत होती."

अण्णांनी काठावरच्या नावावरून बोट फिरवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. कधीही न पाहिलेल्या एका म्हातारीने भागुबाईची लेकीसारखी भरल्या हाताने पाठवणी केली होती. मग त्यांनी एक पोळी मोडली, अर्धी दयानंदाला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. उरलेल्या कागदात बांधून पिशवीत ठेवल्या. नळाखाली ताट धुतलं आणि कोरडं केलं.

"काका, हे ताट तुम्ही घरी न्या," सुखदा म्हणाली. "आम्ही दुसरं घेऊ. सगळ्यांना चालेल."

अण्णांना मोह झाला. संध्याकाळी याच ताटात भात कालवून जेवायचं, एवढंच. त्यांनी ताट थोडा वेळ पोटाशी धरलं.

"न्हाई," ते म्हणाले. "घरात काय करायचंय नाव? बाहेर जाऊ दे तिला. पुढचं जेवण कधी हाय?"

"तुळशीच्या लग्नाचं. मल्हार वाढपी आहे. तुम्ही पण यायचं, काका, जेवायला."

"येतो की. पण हे असं न्यायचं न्हाई." अण्णांनी पायरीखालचा चहाचा डबा ओढला, त्यातली पुडी काढली आणि चमचाभर साखर ताटात टाकली. "हं. आता ने."

मग त्यांनी कोपऱ्यातलं फडकं सोडलं आणि वायरची गुंडाळी उलगडायला घेतली. सुखदा रस्त्याकडे निघाली. बाजाराला निघालेल्या गर्दीतून, हमालांना आणि हातगाड्यांना चुकवत, साखर सांडू नये म्हणून ती ताट दोन्ही हातांवर सपाट धरून चालत होती. नाव तिने लोकांच्या बाजूला केलं होतं. ती रिक्षात बसेपर्यंत अण्णांनी वायर हातातच धरून ठेवली.