मधल्या पुलीवरचा पट्टा

"माझ्या लेथचा रेडिओ करून टाकला. आता बातम्या तेवढ्या लावा."

बाबा पुटपुटत होते, पण माझ्या कानाशीच. मी मोटरच्या मागे डोकं घालून बसले होते आणि ते टॉर्च धरून माझ्यावर वाकले होते. एवढीशी टॉर्च, पण दोन्ही हातांत धरलेली. मी पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं. या कलेत आमचं घर पारंगत आहे.

बाबा पन्नास वर्षं टर्नर, लेथवर लोखंड कातणारे. त्यांचं मशीन पट्ट्याचं. वेग बदलायचा तर मोटर थांबवायची, चामड्याचा रुंद पट्टा बोटांनी आवळायचा आणि एका पुलीवरून दुसरीवर चढवायचा. गेलं वर्षभर ते एकाच वेगात होणारी कामं घेत होते. बाकीच्या गिऱ्हाइकांना "लोखंड बरोबर नाही" म्हणून परत पाठवायचे. लोखंडाला बोलता येत नाही, हे बरंच. मग एकदा जेवताना, मीठ मागावं इतक्या सहज, "मशीन विकून टाकू या," म्हणाले. त्यांचा पुढचा घास मात्र बराच वेळ हातातच राहिला.

म्हणून मी ड्राइव्ह आणला. चपलांच्या खोक्याएवढा डबा. त्याची रेडिओसारखी गोल मूठ फिरवली की मोटरच हळू किंवा जोरात फिरते. पट्टा एकदाच मधल्या पुलीवर बसवायचा आणि विसरून जायचं. घरात कारण सांगितलं ते दिव्याचं.

"मशीन सुरू झालं की स्वयंपाकघरातला दिवा मिचमिचतो," आई म्हणाली. "भाजीबरोबर बोट चिरायचं एखाद्या दिवशी."

"दिव्यासाठी एवढा खटाटोप?"

"दिव्यासाठीच!" आम्ही दोघी एका सुरात.

वायरिंग मी जळक्या मिक्सरांवर शिकले, आणि ते जळले त्यातले दोन माझ्याच हातून. त्यामुळे पुस्तिका नीट वाचली होती. ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मधे खटका ठेवू नये, असं तिच्यात ठळक छापलं होतं. तरी भिंतीवरचा जुना खटका मी तिथेच राहू दिला. बाबांचा हात सवयीनं तिकडे जातो, म्हटलं जाऊ दे. माया आडवी आली.

मशीन सुरू झालं. ना धक्का, ना गुरगुर. बाबा मान तिरकी करून ऐकत राहिले. मग समाधानानं मागे सरकले आणि कोपरानं खटका खाली ओढला.

ड्राइव्ह किंचाळला. लाल अक्षरं लुकलुकली.

"गेलं का गं?" आई दारातून.

"बाबांनी खटका ओढला."

"मग काय मशीनच्या पाया पडून थांबवू? पन्नास वर्षं तोच ओढतोय!"

आणलेलं जळलं असतं, तर त्यांनी दुसरं आणूच दिलं नसतं. दुसऱ्याच दिवशी मशीन घेणारं गिऱ्हाईक बोलावलं असतं. वीज बंद केली, डब्यात साठलेली वीज उतरेपर्यंत दहा मिनिटं बसून राहिले. मग मोटरच्या तारा सरळ ड्राइव्हला जोडल्या आणि खटक्यापासून ड्राइव्हपर्यंत दोन बारीक तारा नेल्या.

"आता खटका वीज तोडणार नाही. थांब म्हणून नुसता निरोप देईल."

"म्हणजे पोस्टमन केलास त्याला."

"माणूस तुमचाच, बाबा. काम तेवढं हलकं केलं."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी पकड शोधायला लागले. ती माझ्या हातातच होती.

या वेळी ड्राइव्ह गपगुमान चालला. बाबांनी चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या जबड्यात, माझ्याकडून जाड गोल सळई पकडवून घेतली आणि तिचं तोंड सपाट करायला लागले. टूल, म्हणजे कातायचं पातं, कडेकडून मध्याकडे सरकू लागलं. मध्याजवळ लोखंड टूलखालून हळू जातं, म्हणून तिथे खरखर राहते. सगळे टर्नर ते चालवून घेतात. बाबांनी तळहात ड्राइव्हच्या मुठीवर ठेवला. टूल आत जाईल तसा वेग थोडा थोडा वाढवत गेले. निघणारी लोखंडाची साल कडेपासून मध्यापर्यंत सारखी आली.

मशीन थांबवून त्यांनी सळईचं तोंड बाहीनं पुसलं. आरशासारखं.

"अगं, इकडे ये. बघ."

आईनं हात पुसत बघितलं. "झालं की पूर्वीसारखं!"

"छे! पूर्वी मधे खरखर राहायची." ते सळईवरून अंगठा फिरवत राहिले. "आणि पूर्वी माझी बोटं मिटायची. वर्ष झालं, मिटत नाहीत."