कागदाचं तळं

भुरी कुत्री कुठं गेली हे सगळ्यांत आधी वासानं सांगितलं. बिडकीनच्या पुढं नानासाहेबांची मोसंबीची बाग आहे आणि बागेच्या डोक्यावर शेततळं. तळं म्हणजे जमिनीत खणलेला मोठा चौकोनी खड्डा, त्यात अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद. हिवाळ्यात विहिरीचं पाणी त्यात भरून ठेवायचं आणि उन्हाळाभर ठिबकनं झाडांना द्यायचं. शिवकन्या वासाच्या मागानं बांधावर चढली तेव्हा भुरी कोपऱ्यात तरंगत होती. पोट फुगून टम्म झालेलं, पाय ताठ, डोळ्यांच्या जागी माश्यांचा गोळा. नानासाहेबांनी बांबूच्या आकड्यानं तिला ओढलं तर मांडीची कातडी आकड्याबरोबर सुटून आली आणि ओल्या चिंधीसारखी पाण्यावर पसरली.

शिवकन्या बांधामागं जाऊन ओकली. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन ती नुकतीच काकांकडं, म्हणजे नानासाहेबांकडं, परत आली होती. आईवडील गेल्यापासून हेच तिचं घर. कॉलेजात तिनं नाल्याचं पाणी हाताळलं होतं, सडक्या मांसावरचे जंतू बशीत वाढवले होते, आणि त्यांचे पिवळे-गुलाबी ठिपके तिला चक्क सुंदर वाटायचे. पण तिथं बशीला झाकण असायचं.

तोंड पुसून ती परत आली, आणि तिची नजर कोपऱ्यातल्या कागदावर गेली. पाण्याच्या रेघेवर सगळीकडं शेवाळाचा जाड हिरवा थर होता. फक्त त्या कोपऱ्यात तो खरवडून निघाला होता. नखांचे ओरखडे एकावर एक, इतके की खालचा कागद काळा चकचकीत दिसत होता. कुत्र्याला जन्मतः पोहता येतं, असं सगळं गाव सांगायचं आणि ते खरंच होतं. भुरीलाही येत होतं. कागदाच्या कडेकडेनं ती कोपऱ्यात आली होती, कागद गुळगुळीत म्हणून वर चढता आलं नव्हतं, आणि थकेपर्यंत पोहून ती मेली होती.

हे पाणी सोडून द्यावं, असं शिवकन्येनं सुचवून पाहिलं. नानासाहेबांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं बागच तोडायला सांगितली. उन्हाळा तोंडावर होता. तळ्याला पूर्वी कुंपणाची जाळी होती, ती रानडुकरांपायी मक्याला गेली होती आणि मका निघाल्याशिवाय परत येणार नव्हती. झाडाला काय कळतंय कुत्रं, असं म्हणून त्यांनी संध्याकाळी ठिबक चालू केलं. दुसऱ्या दिवशी नळ्यांच्या भोकांतून भुरीचे केस निघाले.

मागं राहिलं भुरीचं पिल्लू, तांबड्या. पिल्लू म्हणायचं एवढंच, अंगानं ते आता आईएवढं झालं होतं. पण भित्रं. बादलीतलं पाणी हिंदकळलं तरी शेपूट पायांत घालायचं. आणि नेमकी त्याला सवय तळ्यावर पाणी प्यायची. पुढचे पाय कागदावर, मागचे मातीत, मान ताणून जीभ लावायचं, पाय सरकला की कण्हत मागं यायचं. शिवकन्या हे रोज बघायची. एक दिवस मागचे पायही सरकणार होते, आणि भुरी जितकी पोहली तितकंही हे पोहणार नव्हतं.

तिनं हे नानासाहेबांना सांगितलं, आणि सांगितलं हीच चूक झाली. भीती कशी मोडतात ते नानासाहेबांना माहीत होतं. दुपारी त्यांनी तांबड्याच्या गळ्यात कासरा बांधला, मानगूट आणि मागचे पाय धरून उचललं आणि तळ्याच्या मध्यावर भिरकावलं. शेजारचा बन्सी मोबाइल धरून उभाच होता. तांबड्या बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला. नानासाहेबांनी त्याला कासऱ्यानं कागदावरून ओढून काढलं तेव्हा जीभ जांभळी पडली होती. वर आल्या आल्या त्याला पातळ हगवण झाली. ती कागदावरून ओघळत पाण्यात गेली, आणि बन्सी हसता हसता खाली बसला. मग तो तीच चित्रफीत पुन्हा लावून बघू लागला. त्या हसण्याची शिवकन्येला भुरीच्या कातडीपेक्षा जास्त शिसारी आली.

"भीती अशीच मोडती, शिवे," नानासाहेब कासरा गुंडाळत म्हणाले. "तुला न्हाय का तुझ्या बापानं विहिरीत ढकललं?"

"माझ्या गळ्यात कासरा नव्हता, नाना."

"कंबराला डबा व्हता. एकूण एकच."

त्यानंतर तांबड्या बांधाकडं फिरकेनासा झाला. नानासाहेब म्हणाले, बघ, आता तळ्यावर जातच नाही, प्रश्न मिटला. पण ऊन चढू लागलं तसा तो पुन्हा जाऊ लागला, फक्त आता कोणी नसताना. म्हणजे पडला असता तर बघायलाही कोणी नव्हतं.

शिवकन्येनं उलट्या बाजूनं सुरुवात करायचं ठरवलं. पाण्यात कसं जायचं हे नंतर, आधी बाहेर कसं यायचं. द्वारकाबाई काकूंकडून तिनं कांद्याची रिकामी पोती मागून घेतली, दाभणानं एकाखाली एक शिवली, त्यांवर ठिबकच्या जुन्या नळ्या आडव्या बांधून पायऱ्या केल्या. वरचं टोक खुंट्यांना, खालच्या टोकात दगड. ही पट्टी तिनं मुद्दाम त्या ओरखड्यांच्या कोपऱ्यातच सोडली. कडेकडेनं पोहणारं जनावर शेवटी कोपऱ्यातच येतं, हे भुरीनं दाखवून ठेवलं होतं.

पोती ओली झाली आणि लगेच बुळबुळीत झाली. शिवकन्या पट्टीवर बसून दुधात भिजवलेली भाकरी हातावर घ्यायची आणि दुसऱ्या हातानं पोत्यावर थापा मारायची. थाप म्हणजे भाकरी, हे तांबड्याला लवकर कळलं. तो एकेक पायरी उतरायचा, घास घ्यायचा आणि ती त्याला लगेच वर जाऊ द्यायची. कधी ओढलं नाही, कधी ढकललं नाही. अजून एक घास हवा असं त्याच्या तोंडावर दिसत असतानाच ती उठायची. पण एक अडचण होती. तिचे पाय जिथवर ओले तिथवरच तो यायचा. आणि तिचे पाय घोट्याच्या पुढं जात नव्हते. पायाच्या बोटांत शेवाळ शिरलं की तिच्या पाठीवरून काटा सरसरत जायचा. त्या पाण्यात काय काय आहे हे बन्सीला माहीत नव्हतं, नानासाहेबांना माहीत नव्हतं, तिला एकेकाचं नाव माहीत होतं. घरी जाऊन ती पाय लाल होईतो साबणानं घासायची, आणि तरी जेवताना हात नाकाशी नेऊन बघायची.

मग तिला डब्याची आठवण झाली. लहानपणी वडिलांनी तिच्या कंबरेला तेलाचा रिकामा कॅन बांधला होता. या भागातली सगळी पोरं अशीच पोहायला शिकलेली. तिनं तसाच कॅन घेतला, बूच घट्ट लावलं, आणि तांबड्याच्या कंबरेला, वडिलांनी मारली होती तशीच दुहेरी गाठ मारून बांधला. कॅन तरंगणार, कुत्रं तरंगणार, आणि आपल्याला पाण्यात उतरावं लागणार नाही. थापा मारून तिनं त्याला शेवटच्या पायरीवर आणलं. पाय सुटले आणि तो पाण्यात गेला.

कॅन तरंगला. त्याच्याबरोबर कुत्र्याचा मागचा भाग तरंगला. माणसाचं पोर हात मारून डोकं वर धरतं. कुत्र्याचं सगळं वजन पुढं, छातीत आणि डोक्यात. कंबर वर उचलली गेली तसं तोंड खाली गेलं. पाण्याबाहेर नुसतं शेपूट आणि पांढरा कॅन दिसत होता.

शिवकन्येनं विचार केला नाही, कारण विचाराला वेळ नव्हता. ती पाण्यात पडली. हाक मारायला तोंड उघडलं होतं, त्यात तळं शिरलं. कोमट, कडवट, तारेसारखं ताणलं जाणारं काहीतरी तिच्या घशाखाली उतरलं. तिनं तांबड्याच्या छातीखाली हात घातला, डोकं वर काढलं आणि त्याला पट्टीकडं लोटलं. नखं पोत्यात रुतली. तो चढला, आणि पाठोपाठ त्याच नळ्या धरून तीही चढली. वर येऊन दोघंही ओकली. तांबड्यानं मग स्वतःचं ओकलेलं चाटून खाल्लं, आणि तिचंही खायला निघाला.

द्वारकाबाईंनी तिला उंबऱ्यावरच अडवलं.

"आधी न्हाणीत जा. चुलीकडं येऊ नको. लई घाण वास यायला तुझा." मग पदर नाकाला लावून त्यांनी विचारलं, "गिळलं का पाणी?"

"गिळलं."

"अगं आई गं," द्वारकाबाई म्हणाल्या आणि मिठाचं पाणी करायला वळल्या.

दोन दिवस शिवकन्या पोट धरून पडून होती. तिसऱ्या दिवशी ती उठून सरळ तळ्यावर गेली आणि छातीइतक्या पाण्यात उतरली. धैर्य वगैरे काही नव्हतं. आता ते पोटात जाऊनच आलं होतं, बाहेरून लागलं तर काय बिघडणार होतं. किळस तेवढीच होती. फक्त त्या किळसेपायी थांबण्यात अर्थ उरला नव्हता.

कॅनची जागा तिनं बदलली. काकूंच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीत दोन छोटे कॅन शिवले, ते छातीच्या दोन्ही बाजूंना बांधले, आणि पोटाखाली स्वतःचा हात ठेवला. कुत्र्याचं तोंड नेहमी पोत्यांच्या पट्टीकडं. हात सुटला की समोर पोतं, पोत्यावर भाकरी. मग थोडं लांबून. मग बाजूच्या कडेवरून, म्हणजे वळून शोधावं लागेल असं. नंतर तिनं कॅन एकेक करून काढले. तांबड्या घाबरून तिच्या खांद्यावर चढायचा, तिच्या कानात शिंकायचा, ओल्या शेपटीनं तिच्या तोंडावर शेवाळ मारायचा. पण रोज येत होता. बन्सी पुन्हा मोबाइल घेऊन आला होता. तिनं त्याला पाण्यात येऊन पोटाखाली हात धरायला सांगितल्यावर त्याला कामं आठवली.

कुरडयांच्या दिवशी व्हायचं ते झालं. तळ्याकडंच्या मोकळ्या जागेत खाटांवर धोतरं अंथरून द्वारकाबाईंनी गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातल्या होत्या. शिवकन्या सोऱ्या दाबत होती. तांबड्या एका टिटवीमागं धावत बांधावर गेला. टिटवी उडाली, आणि पाठोपाठ कागदावर नखं घासल्याचा लांब आवाज आला.

ती पोचली तेव्हा तो पट्टीच्या अगदी समोरच्या कोपऱ्यात होता. अंगाला कॅन नव्हते. पुढच्या पायांनी तो कागद खरवडत होता, चढत होता, घसरत होता, जसं भुरीनं केलं असणार अगदी तसंच. नानासाहेब बांबूचा आकडा घेऊन धावत आले. त्याच आकड्याला अजून भुरीचे केस चिकटलेले होते.

"आकडा नको, नाना. घाबरंल आन् खाली जाईल."

"मग काय मरू देऊ त्याला?"

शिवकन्या पट्टीवर उतरली आणि ओल्या पोत्यावर थापा मारू लागली. थाप, थाप, थाप. तांबड्या खरवडतच होता. त्याचं मागचं अंग खाली जाऊ लागलं. तिनं थापा थांबवल्या नाहीत. हात दुखेपर्यंत मारल्या. मग त्याचे कान हलले. त्यानं कागद सोडला, डोकं वळवलं, आणि हिरव्या सायीतून एक काळी रेघ पाडत सरळ तिच्याकडं आला. ना घाई, ना फडफड, नुसतं नाक वर. पोत्याला नखं लागली आणि तो पायऱ्या चढून वर गेला.

तिच्या हातात भाकरी नव्हती. तेव्हा तांबड्या जिथं खाण्याचा वास होता तिथं गेला, खाटांच्या मधोमध उभा राहिला आणि डोक्यापासून शेपटापर्यंत अंग झाडलं. सगळ्या कुरडयांवर हिरवे शिंतोडे उडाले.

नानासाहेब आकडा टेकून उभे होते. मग म्हणाले, "आता हे रोज उतरंल बघ." आणि तसंच झालं. त्या दिवसापासून तांबड्या ऊन तापलं की आपण होऊन पाण्यात उतरायचा, कोपऱ्यातून चढायचा आणि घरभर तळं घेऊन हिंडायचा. घरातलं प्रत्येक अंथरूण वासानं भरलं.

द्वारकाबाईंनी मात्र कुरडया टाकल्या नाहीत. नखानं एकेक हिरवा कण खरवडून काढत त्या म्हणाल्या, तळल्यावर काय कळतंय. उकळत्या तेलात काय काय मरतं हे शिवकन्येला पाठ होतं. काहीच उरत नाही, हेही ठाऊक होतं. तरी त्या वर्षी तिनं कुरडई खाल्ली नाही. तिच्या वाटणीची तांबड्यानं खाल्ली.