कागदाची पावलं

"हे काय काढलंस?" मी ओझेलाला कोपराने ढोसलं. भर दुकानात तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला होता. त्यावर तिच्याच पावलाची पेन्सिलने काढलेली आकृती.

"मापाचा कागद, वहिनी."

तिकडे दक्षिणेत, आमच्या माँटगोमेरी गावात काळ्या माणसाने दुकानात बूट घालून बघायचा नाही. कागद द्यायचा, मिळेल तो बूट घ्यायचा, चावला तर सोसायचं. मला शिकागोत येऊन अकरा वर्षं झाली होती, माझी ही नणंद तीन आठवड्यांपूर्वी आली होती.

गोरा दुकानदार हसला. "बसा बाई, घालून बघा."

निळा बूट पायात सरकला आणि तिने डोळे मिटले. "वहिनी, मी तरंगतेय गं!"

"तरंग, पण लवकर खाली ये. जागा बघायला जायचंय."

माझ्या सासूबाईंना गावाहून आणायचं होतं, जागा त्यांच्यासाठी हवी होती. काळ्यांनी बसमध्ये मागेच बसायचं हा नियम मोडायला गावातल्या आमच्या लोकांनी वर्षभर बसच सोडली, तेव्हा त्या रोज चार मैल चालल्या. हट्ट पुरा झाला, पण गुडघे गेले. आमचं बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर. रेल्वेच्या रुळांपलीकडे, गोऱ्यांच्या वस्तीत मात्र तळमजल्याची जागा भाड्याने होती, तशी पाटीच होती.

"तिकडे आपल्याला देत नाहीत," मी बजावलं.

"असं लिहिलंय कुठे?"

लिहीत नाहीत, हीच तर मेख! गावाकडे निदान लिहिलेलं असायचं.

म्हाताऱ्या घरमालकाने हॅट काढली. "अरेरे बाई, आजच सकाळी गेली हो." इतकं गोड बोलला मेला, की ओझेलाने त्याचे आभार मानले. माझं डोकंच फिरलं.

पुढच्या रविवारीही पाटी तिथेच होती. ओझेला तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग दर रविवारी चर्च सुटलं की निळे बूट घालून ती त्याची घंटा वाजवायला लागली.

"झाली का रिकामी?"

"आजच गेली, बाई."

दरम्यान सासूबाईंचं पत्र आलं. आत त्यांच्या सुजलेल्या पावलांचा कागद. 'मलाही तसले निळे पाठव.'

"नाही पाठवणार," ओझेला म्हणाली. "आई इथे येऊन घालून बघेल."

सहाव्या रविवारी दार उघडलं तशी ती वाकली आणि तो कागद तिने उंबऱ्यावर पसरला. "या पायांसाठी विचारतेय. यांना जिना चढवत नाही."

"आजच..." म्हातारा थांबला. खालीच बघत राहिला. मग दार हळूच लागलं.

शिकागोच्या मोठ्या तळ्यावरून वारा आला, कागद थरथरला. मला रडू आवरेना. ओझेलाने कागद उचलला, त्याला लागलेली उंबऱ्याची धूळ रुमालाने पुसली, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, अगदी सावकाश.

"चल वहिनी," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी जरा लवकर येऊ."