जानेवारीतला कुक्कू

टेरेन्सने कानामागची पेन्सिल काढली आणि दुसऱ्या हाताचं बोट वर धरलं. चर्चच्या भिंतीला खेटून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या यू वृक्षात, अगदी शेंड्याकडे, कुणीतरी बोलत होतं.

"ऐकलंस?" त्याने हळूच विचारलं.

त्याच्या बायकोने, मॅविसने, मान तिरकी केली आणि डोळे अर्धवट मिटले. तिला ऐकू आलं ते टोपीची लोकर कॉलरवर घासल्याचं, दूर कुणाच्या तरी गाडीचं दार आपटल्याचं. त्यापलीकडे काही नाही. कापूस भरल्यासारखी शांतता.

"ऐकलं की," ती म्हणाली. "गोल्डक्रेस्ट."

नाव सांगायला कान लागतच नव्हते. कडाक्याची थंडी, यूचं झाड आणि टेरेन्सचं बोट एवढं उंच, म्हणजे तो अंगठ्याएवढा, डोक्यावर पिवळी रेघ ओढलेला पक्षीच असणार. गेली काही वर्षं मॅविस अशी अदमासानेच ऐकत आली होती. आधी गोल्डक्रेस्ट गेला, मग झाडावर चढणाऱ्या पक्ष्यांची सुईसारखी शीळ गेली. दिवे मालवत जाणाऱ्या माणसासारखं कुणीतरी तिच्या कानातली वरच्या मजल्याची एकेक खोली बंद करत चाललं होतं.

टेरेन्सने तिच्याकडे पाहिलं, पेन्सिल परत कानामागे खोचली आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

"दिसला तर बरं. नुसतं ऐकण्यात काय मजा?"

"तुझं आपलं काहीतरीच. ऐकलं ना दोघांनी? चल, बोटं गोठली माझी."

पण तो मान मोडेस्तोवर वर बघत राहिला. अलीकडे तो फार चिवट झाला होता, असं मॅविसला वाटे.

आज पहिली जानेवारी. काल रात्रीपर्यंत कुणी कितीही दुर्मीळ पाखरू पाहिलेलं असो, आज सगळ्यांची पाटी कोरी. गरुड पाहिलेला आणि चिमणी पाहिलेला आज एकाच पायरीवर, देवाच्या दारात असतात तसे. गावाच्या पक्षिमंडळात या दिवशी जोडीजोडीने निघायचं आणि अंधार पडला की सभागृहात सूप प्यायला जमायचं, असा रिवाज होता. नियम एकच. पक्षी दोघांनी पाहिला किंवा दोघांनी ऐकला तरच तो धरायचा. तपासायला कुणी येत नसे. कुणी येत नाही, म्हणूनच तिथे खोटं बोलणाऱ्याला पुढे नमस्कारही कुणी करत नसे.

मॅविसला मंडळाची भीती नव्हती. तिची भीती वेगळी होती. टेरेन्सला कळलं तर तो रागावणार नाही, तो तिला घरी बसवेल. थर्मास भरून देताना म्हणेल, तू आराम कर, पोरी. आणि मग पुढचे सगळे जानेवारी तो एकटाच निघेल. वडिलांनी तिचं नाव गाणाऱ्या थ्रश पक्ष्यावरून ठेवलेलं. चॅपलच्या गायकवृंदात ती चाळीस वर्षं खालच्या पट्टीत उभी राहिली. वरच्या पट्टीतल्या बायका कुठे पोचल्या ते कळेनासं झालं, तेव्हा तिने गुडघ्याचं निमित्त सांगून गाणं सोडलं. घरातही तेच सांगितलं.

"काय रे म्हाताऱ्या, झाडाला प्रश्न विचारतोस की काय?"

गॉर्डन बुलार्ड आपली करडी कुत्री घेऊन फाटकातून आत आला. त्याची जोडीदार म्हणजे त्याची बहीण पॉलीन. ती गाडीत सँडविच खात बसली होती.

"गेल्या वर्षी एका पक्ष्यानं हरलात," गॉर्डन म्हणाला. "यंदा शेजाऱ्याच्या कोंबड्या मोजू नका म्हणजे झालं."

"तुझ्या कुत्रीला विचारून मोजतो," टेरेन्स म्हणाला. "तुम्हा भावंडांपेक्षा तिलाच जास्त दिसतं."

"आणि हे गळ्यात काय? रेफरी झालास?"

टेरेन्सच्या मफलरखालून पोलादी शिट्टी लोंबत होती. "लेकीनं नाताळात पाठवली. खाजणात जाताना घालत जा म्हणाली."

"शहाणी आहे पोरगी. आईवर गेली."

मॅविस हसली. हसताना तिने गॉर्डनच्या ओठांकडे नीट पाहिलं, अलीकडे सगळ्यांच्याच ओठांकडे पाहायची तसं.

*

दुपार कलता कलता दोघं समुद्राच्या बांधावर पोचली. बांधाच्या आत गव्हाची शेतं, बाहेर मैलभर खाजण: करडं गवत, त्यातून वळवळत गेलेले चिखलाचे चर, आणि पार टोकाला दगडगोट्यांचा उंचवटा. त्या उंचवट्यावर हिवाळ्यात पांढरे भारीट पक्षी उतरतात. गॉर्डनला ते मिळाले होते, हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

मोठ्या चरावर फळ्यांचा साकव होता. तिथे टेरेन्स थांबला.

"तुझा गुडघा. तू इथंच थांब. मी पुढं जाऊन बघतो. असले तर हाक देतो, मग सावकाश ये."

"येते ना मी."

"गोट्यांवरून? त्या गुडघ्यानं?"

आता काय बोलणार? गुडघ्याचं खोटं दुखणं तिनेच काढलेलं होतं. "भरती?" तिने विचारलं.

"अजून अवकाश आहे. गेलो आणि आलो."

त्यांची हाक म्हणजे कुक्कू. दोन्ही तळवे जोडून पोकळी करायची आणि अंगठ्यांच्या फटीतून फुंकायचं. कुक्कू पक्षी हिवाळ्यात तिकडे आफ्रिकेत असतो. त्यामुळे जानेवारीत इथे नॉरफोकमध्ये कुक्कू बोलला तर तो आपलं माणूसच. पूर्वी टेरेन्स ओठांनी शीळ घालायचा, बारीक आणि लांब. कवळी बसवली तेव्हापासून शीळ येत नाही म्हणून त्याने ही नवी हाक काढली होती.

तो गवतातून चालत गेला. त्याची हिरवी टोपी लहान होत गेली, मग टिपका झाली.

धुकं समुद्राकडून आलं. ते धावत आलं नाही. मॅविस थर्मासचं झाकण लावत होती आणि मान वर केली तेव्हा गोट्यांचा उंचवटा नव्हता. दुर्बिणीची काच पुसली, तोवर पुढचं गवत नव्हतं. मग बांधही गेला. राहिला तो साकव, त्याच्या दोन फळ्या, आणि खालचा चिखल.

त्या चिखलात पाणी होतं. मघाशी नव्हतं. तपकिरी जिभेसारखं ते चरातून आत सरकत होतं, समुद्राकडून जमिनीकडे. खाजणात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पाणी समोरून येत नाही, ते चरांतून गुपचूप मागे जातं आणि माणूस कोरडा उभा असतानाच त्याची वाट बुडते.

तिने तळवे जोडले. कुक्कू.

उत्तर आलं नाही.

पुन्हा. कुक्कू, कुक्कू.

ती घाबरली ती उत्तर आलं नाही म्हणून नव्हे. उत्तर आलं नाही, की आपल्याला आलं नाही? कदाचित तो घसा फोडून ओरडत असेल. कदाचित गळ्यातली शिट्टी फुंकत असेल. समोरची शांतता धुक्याची होती की तिच्या कानांची, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. आजवर खोटं "ऐकलं" म्हणायला तिची जीभ कधी अडखळली नव्हती. आज खरंखुरं "ऐकू येत नाही" म्हणायचं होतं, तर ते ऐकणारा माणूसच धुक्यात होता.

तिने टोपी काढून खिशात कोंबली. कान थंडीने भाजले, पण ऐकू काही आलं नाही. डोक्यावरून रानहंसांचा थवा गेला. त्यांचा कलकलाट तिला ऐकू आला, म्हणजे सगळंच गेलेलं नव्हतं. मग टेरेन्स का नाही?

पाणी साकवाच्या खांबांना लागलं. त्याचा खालच्या पट्टीतला गुळगुळ आवाजही तिला ऐकू आला. आत्ता निघालं तर बांध गाठता येईल. पण ती इथून हलली, तर त्याच्या हाकेला हा एकच खुंटा आहे तो उपटला जाईल. आणि राहिली, तर फळ्या बुडतील. ती फळीवर मधोमध बसली आणि दोन्ही हातांनी कठडा धरला.

"देवा," ती मोठ्याने म्हणाली, "माझे कान घे हवे तर. त्याला नेऊ नको."

फुंकून फुंकून अंगठे बधिर झाले, तशी तिने गायला सुरुवात केली. चॅपलमधलं एक जुनं स्तोत्र, तेही तिची खालची पट्टी, जी एकटी गायली तर चालच ओळखू येत नाही. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या सुराखाली ही पट्टी धरून उभी राहिली होती. धुक्यात वरचा सूर धरायला कुणी नव्हतं. तरी ती गात राहिली. पाणी तिच्या बुटांच्या तळव्यांना लागलं. एक कडवं संपलं की ती थांबायची, श्वास धरायची, ऐकायची.

तिसऱ्यांदा थांबली तेव्हा आवाज आला. जड, पोकळ, मडक्यातून आल्यासारखा.

कुक्कू.

डावीकडून. भलत्याच बाजूने. तिकडे दुसरा चर होता, आणि टेरेन्स त्याच्या पलीकडे चालला होता.

"इकडे!" ती ओरडली, आणि लगेच तळवे जोडले. कुक्कू. मग उत्तर. मग पुन्हा ती. हाक मध्येच दूर जायची, तेव्हा ती उठून उभी राहायची. जवळ यायची, तेव्हा तिला रडू फुटायचं आणि फुंकर फुकट जायची. शेवटी धुक्यातून आधी खोकला आला, मग हिरवी टोपी. टेरेन्स मांडीपर्यंत भिजलेला होता. फळ्यांवरून पाणी चढलेलं पाहून त्याने तिचा दंड धरला आणि दोघं साकव ओलांडून बांधाकडे चालत सुटली. गुडघ्याची आठवण दोघांनाही झाली नाही.

*

बांधावर गॉर्डन आणि पॉलीन टॉर्च घेऊन उभे होते. टेरेन्सची गाडी एकटीच उभी पाहून ते परतले होते. पॉलीनने आपला कोट टेरेन्सच्या पायांवर गुंडाळला.

"मी आत उतरणार होतो," गॉर्डन म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीची मस्करी नव्हती. "सगळीकडून हाका मारल्या. अरे, पण गळ्यात ही शिट्टी आहे ना तुझ्या? वाजवायची नाही? अख्ख्या जिल्ह्याला ऐकू गेली असती."

"राहिलं," टेरेन्स म्हणाला. "चिखल गेलाय वाटतं तिच्यात."

"बघू."

गॉर्डनने शिट्टी ओढून घेतली, बाहीवर पुसली आणि तोंडात धरली. मॅविसने पाहिलं: त्याचे गाल फुगले. कुत्रीने दचकून कान पाडले. पॉलीनने डोळे मिटून दोन्ही हात कानांवर घेतले.

मॅविसला ऐकू आला तो फक्त हवेचा फुसका आवाज.

"ठणठणीत आहे की," गॉर्डन म्हणाला.

टेरेन्स शिट्टीकडे बघत नव्हता, गॉर्डनकडेही नाही. तो मॅविसकडे बघत होता. मग त्याने पटकन नजर खाली घेतली आणि बुटातलं पाणी ओतू लागला.

दोघं गाडीत बसली आणि टेरेन्सने हीटर चालू केला. काचेवर वाफ धरली होती.

"कवळीमुळे शीळ येत नाही म्हणालास," ती म्हणाली.

"हं."

"येते ना?"

त्याने बाहीने काच पुसली. "तू गुडघा म्हणालीस."

म्हणजे बारीक शीळ तिला ऐकू येत नाही हे त्याला केव्हाच कळलं होतं, आणि शिट्टीही त्याने म्हणूनच वाजवली नव्हती. "सकाळचा तो पक्षी धरू नकोस," ती म्हणाली.

"धरलाच नाही."

"आणि मला घरी बसवणार असशील..."

"मग थर्मास कोण भरणार?" तो म्हणाला. त्याने गिअर टाकला.

अरुंद रस्त्याने तो गाडी अगदी सावकाश नेत होता. आत शेतांकडे धुकं विरळ झालं होतं. वळणावर दिव्यांच्या उजेडात कुंपणावरून काहीतरी पांढरं सुटलं आणि काचेसमोरून तरंगत गेलं: गव्हाणी घुबड, पसरलेले पंख, बदामासारखा चेहरा वळवून एकदा गाडीत डोकावणारं. त्याच्या पंखांचा आवाज कुणालाच येत नाही, तरण्या कानांनाही नाही.

टेरेन्सने ब्रेक दाबला. कानामागून पेन्सिल काढली.

"बघितलंस?"

"बघितलं," मॅविस म्हणाली. मग हात पुढे करून त्याच्या गळ्यातली शिट्टी काढली आणि पुढच्या खणात ठेवून दिली.