पाच सूत कमी

माझी बायको शेवंती श्रावणात गेली, तेव्हा आमच्या घरासमोरच्या पॅसेजमध्ये भिंतीलगत सात सागवानी पट्ट्या आडव्या ठेवलेल्या होत्या. तिच्या एका जुन्या साडीत गुंडाळलेल्या. दिवसकार्याला आलेले लोक त्यांना अडखळत होते. माझी मुलगी प्रियांका म्हणाली, बाबा, हे कुठेतरी हलवू या का? मी म्हटलं, राहू दे.

त्या पट्ट्या कोलशेतच्या एका फ्लॅटच्या होत्या. तिथे लाकडी फ्लोअरिंगचं आणि स्कर्टिंगचं काम मी घेतलेलं. फ्लोअरिंग झालं आणि जूनमध्ये वरच्या मजल्यावरून पाणी गळायला लागलं. वरच्यांचं आणि सोसायटीचं भांडण मिटेपर्यंत काम बंद राहिलं. पट्ट्या मात्र तोवर शेवंतीने कापून ठेवल्या होत्या.

शेवंतीने कापल्या होत्या, हे मी इथे सहज लिहिलं. बारा वर्षांत हे वाक्य मी कुणासमोर बोललो नव्हतो.

स्कर्टिंग म्हणजे भिंत आणि जमीन भेटते तिथे लावायची पट्टी. ती बाहेरच्या कोपऱ्यावर जोडणं सोपं असतं. खरं काम आतल्या कोपऱ्यात असतं. दोन्ही पट्ट्या तिरक्या कापून एकमेकींना भिडवल्या तर लावल्या दिवशी छान दिसतं. पण आपल्याकडे एकही भिंत काटकोनात नसते. गुण्या लावला की कळतं. मग फट पडते, आणि उन्हाळ्यात लाकूड आकसलं की ती फट आणखी उघडते. म्हणून चांगला सुतार तसं करत नाही. एक पट्टी सरळ कापून थेट भिंतीला भिडवायची. दुसरीचं टोक पहिलीच्या अंगावरच्या गोलाईप्रमाणे, खाचेप्रमाणे कापायचं आणि तिच्यावर बसवायचं. भिंत थोडी वाकडी असली तरी हा सांधा उघडत नाही. आमच्या घरात या कामाला ‘तोंड कापणं’ म्हणत. ते बारीक पात्याच्या करवतीने, पातं मागच्या बाजूला कलतं धरून, हळूहळू करावं लागतं. शेवटी कानस मारायची. केसभर जास्त गेलं की पट्टी वाया.

माझा हात जड आहे. दरवाजे, पलंग, कपाटं मी चांगली करतो. पण तोंड मला कधी जमलं नाही. बारा वर्षांपूर्वी एका रविवारी मी पॅसेजमध्ये बसून तिसरी पट्टी फुकट घालवली आणि स्वतःलाच शिव्या देत होतो. शेवंती तेव्हा ब्लाउज शिवायची. ती बाहेर आली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, “द्या इकडे. ब्लाउजचा मुंढा कापण्यासारखंच तर आहे.”

मी हसलो. पाऊण तासाने तिने पट्टी माझ्या हातात दिली. मी ती दुसऱ्या पट्टीवर बसवली आणि उजेडाकडे धरली. मधून उजेड येत नव्हता.

तेव्हापासून ती कापत होती. मी साइटवर मापं घ्यायचो, चिठ्ठीवर लिहून आणायचो. आमचा कॉन्ट्रॅक्टर साईनाथ टेम्पोने पट्ट्या घरी टाकायचा आणि परत न्यायचा. त्याला मी सांगितलं होतं की साइटवर धूळ असते, बारीक काम मला घरीच जमतं. मी भिंतीपासून दाराच्या चौकटीपर्यंतचं माप द्यायचो. त्यातून शेवंती पाच सूत, म्हणजे इंचाचे पाच आठवे भाग, वजा करायची, कारण आधी लावलेल्या पट्टीची जाडी पाच सूत. मग तोंड कापायची, दुसऱ्या टोकाला जिथे मला कापायचं आहे तिथे पेन्सिलने रेघ मारायची, आणि मागे फूट, इंच, सूत लिहायची. साइटवर मी डोळे मिटून तिच्या रेघेवर करवत लावायचो.

लोक कोपऱ्यात वाकून बघायचे आणि माझं कौतुक करायचे. मेस्त्री, काय हात आहे तुमचा. मी मान हलवायचो. सुरुवातीला वाटायचं, बाकीचे सुतार हसतील, बायको करवत चालवते म्हणून. पुढे ते कारण राहिलं नाही. मला ते कौतुक आवडायला लागलं होतं, एवढंच.

खोपटला एकांच्या घरी वास्तुशांत होती, तेव्हा त्यांनी मला जोडीने बोलावलं. शेवंतीने आपलं काम लावलेलं कधी बघितलं नव्हतं. सुताराची बायको गिऱ्हाइकाच्या घरी कशाला जाईल? जेवण झाल्यावर मालक चार पाहुण्यांना घेऊन कोपऱ्याशी आले आणि मला म्हणाले, “मेस्त्री, सांगा यांना हे कसं केलं.” शेवंती माझ्या शेजारी उभी होती. मी सांगितलं. करवत कशी धरायची, कानस कशी मारायची, सगळं सांगितलं, जसं काही मीच केलं. ती खाली बघत होती. परत येताना बसमध्ये ती म्हणाली, “दाराच्या मागचा कोपरा जास्त चांगला झालाय. तो कुणी बघितला नाही.” एवढंच बोलली. मी विषय बदलला.

डिसेंबरमध्ये कोलशेतचं काम परत सुरू झालं. साईनाथ म्हणाला, मेस्त्री, आता घाई आहे, प्लास्टिकचं स्कर्टिंग मारू, कोपऱ्याला तयार तुकडे मिळतात, टकाटक बसतात. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, तुम्हाला काय फरक पडतो? मी त्याच्यावर ओरडलो. मी कधी ओरडत नाही, त्यामुळे त्याने विषय सोडला. मला एकच हवं होतं. त्या सातही पट्ट्या लागायला हव्या होत्या. तिच्या हातचं शेवटचं काम ते. नंतर मी हे काम सोडून दिलं असतं तरी चाललं असतं.

फ्लॅटच्या मालकीण आसावरी मॅडम. शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा नाही, एकट्याच राहायला येणार होत्या. रोज अकराला यायच्या, खिडकीत उभ्या राहून खाडीकडे बघायच्या आणि मग एकेक काम तपासायच्या. नजर तीक्ष्ण. पहिल्या दिवशी मी हॉलमधल्या तीन पट्ट्या लावल्या. तिसऱ्या दिवसापर्यंत सहा झाल्या. प्रत्येक पट्टीच्या मागे तिचे आकडे होते आणि टोकाला पेन्सिलने मारलेली बारीक रेघ. मी रेघेवर कापायचो आणि पट्टी जागेवर दाबायचो. प्रत्येक वेळी तोंड असं बसायचं की मला हात काढवत नसे. खिळे मारले की तिचे आकडे भिंतीकडे जायचे, कायमचे.

सातवी पट्टी बेडरूमची. तिच्या मागे आकडे होते, पण थरथरत लिहिलेले. दहा फूट, सात इंच, एक सूत. रेघ नव्हती.

मी ती पट्टी घेऊन जमिनीवर बसलो. मे महिन्याचे शेवटचे दिवस मला आठवले. तेव्हा ती औषधांनी गुंगीत असायची. आमटीत दोनदा मीठ घालायची. प्रियांकाला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. मला वाटलं, रेघ मारायची राहिली, तसे पाच सूत वजा करायचेही राहिले असतील. हे माझं भिंतीचंच माप तिने उतरवलंय. माझी चिठ्ठी तर केव्हाच हरवली होती. मी टेप लावायला हवी होती. पण त्या भिंतीलगत बाथरूमच्या लाद्यांच्या पेट्या रचलेल्या होत्या, कंबरेएवढ्या. त्या सरकवायचा कंटाळा आला. मी पाच सूत वजा केले, रेघ मारली आणि कापली.

मग पेट्या सरकवल्या, कारण पट्टी लावायची तर सरकवाव्या लागणारच होत्या. पट्टी ठेवली. तोंड कोपऱ्यात बसलं. त्या सातांतलं ते सगळ्यात सुंदर होतं. दुसऱ्या टोकाला, चौकटीशी, फट होती. मी टेप लावली. पाच सूत.

तिने वजा केले होते. त्या गुंगीतही केले होते. चुकलो मी. आणि टेप लावली नाही ही त्यातली लहान चूक. मोठी चूक ही की मला वाटलं, तिला आता जमत नसणार.

साईनाथ आत आला, तेव्हा मी तिथेच बसलेलो. त्याने फट बघितली, माझ्याकडे बघितलं. चौकटीशी तुकडा भरायचा तर दिसेल, तो म्हणाला. पट्टी नवीन कापा. ही पलीकडच्या छोट्या भिंतीला लागेल. मी म्हटलं, मला तोंड कापता येत नाही. त्याला वाटलं मी दुःखाने बोलतोय. मग मी कापून दाखवलं. एका उरलेल्या तुकड्यावर, त्याच्यासमोर. अर्धा तास लागला. गोलाईच्या खाली पेन्सिल शिरेल एवढी फट राहिली.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला, कोपऱ्याशी धरला आणि म्हणाल्या, हा बाकीच्यांसारखा नाही. काय झालं?

साईनाथ पटकन म्हणाला की बेडरूमची भिंत वाकडी आहे, गळतीनंतर प्लास्टर नीट झालेलं नाही. हे उत्तर प्रत्येक सुतार देतो. गिऱ्हाईक ते मानतं. मॅडमनीही मान हलवली आणि त्या वळल्या.

मी म्हटलं, “मॅडम, भिंत ठीक आहे. बाकीचे सहा कोपरे माझ्या बायकोने कापले. मी नाही. बारा वर्षं सगळीकडचे तिनेच कापले.”

मॅडम थांबल्या. त्यांनी नाव विचारलं. मी म्हटलं, शेवंती. त्यांनी विचारलं, मग त्यांनाच का नाही बोलवत? मी म्हटलं, ती श्रावणात गेली. त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, “त्यांनी हे घर बघितलं होतं?”

“नाही.”

“एकदा आणायचं होतं हो तुम्ही.”

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. पण मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्या म्हणाल्या की ही आखूड पट्टी फेकायची नाही, छोट्या भिंतीला लावा, आणि मोठीसाठी हवा तेवढा वेळ घ्या, पण नीट करा. मी हो म्हटलं. त्या हॉलमध्ये गेल्या.

साईनाथ लाद्यांच्या पेटीवर बसला होता. मी त्याला म्हटलं, तुला फसवलं मी, माफ कर. तो खाली बघत म्हणाला, “मेस्त्री, मला माहीत होतं.”

मी विचारलं, कधीपासून?

“पहिल्या वर्षापासून. टेम्पोत पट्ट्या मीच चढवायचो ना. मागचे आकडे तुमच्या अक्षरातले नव्हते. तुमचा सात एकासारखा दिसतो. एकदा तुम्ही घरी नव्हता, तेव्हा मी वहिनींना विचारलेलं. म्हटलं, वहिनी, नाव तुमचं सांगू का पार्ट्यांना? त्या म्हणाल्या, नको भाऊजी. तुम्ही नका सांगू. हे सांगतील कधीतरी.”

तो पुढे काहीतरी बोलत होता. शीळफाट्याला टेम्पो अडकलाय, माल संध्याकाळी येईल, असं काहीतरी. मला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं.

मी इतकी वर्षं समजत होतो की तिला त्याचं काही नाही. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून मी धरून चाललो. ती वाट बघत होती. प्रत्येक साइटवरून मी घरी आलो की ती विचारायची, काय म्हणाले? मी म्हणायचो, आवडलं त्यांना. ती म्हणायची, आणि? मी म्हणायचो, आणि काय, आवडलं. ती पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि आत जायची.

नवी पट्टी मला तीन दिवसांत जमली. चार तुकडे वाया गेले. पाचवा बरा आहे. जवळून बघितलं तर कळतं. मॅडमनी जवळून बघितला आणि चालेल म्हणाल्या. आखूड पट्टी छोट्या भिंतीला लावली. लावण्याआधी तिच्या आकड्यांवरून एकदा अंगठा फिरवला. पेन्सिल थोडी पुसली गेली, म्हणून लगेच हात काढला आणि खिळे मारले.

काम संपलं त्या दिवशी मी उजेड असताना घरी आलो. पॅसेज रिकामा होता. कुलूप काढलं, आत गेलो, चप्पल काढली. सांगितलं गं मी, असं म्हणायला तोंड उघडलं होतं.