दहा पावलांची पट्टी

मार्नी स्टेन्सलँडला सगळं सहन व्हायचं, पोरांच्या जांभया तेवढ्या सहन व्हायच्या नाहीत. अमेरिकेतल्या आयोवाच्या वायव्य कोपऱ्यात, हॅलर गावाजवळच्या माळ राखणाऱ्या पथकात तिचं हे सेवेचं दुसरं वर्ष. पगार म्हणावा असा नाही, काम मात्र गाढवाचं. हिवाळ्यात झुडपं तोडायची, उन्हाळ्यात तण उपटायचं, पानगळीच्या दिवसांत बी गोळा करायचं. आणि आठवड्यातून तीन दिवस शाळांत जाऊन चौथीच्या पोरांना सांगायचं, की बाळांनो, हा जो क्षितिजापर्यंत मका दिसतोय ना, त्याच्या आधी इथे घोड्याच्या पोटाला लागेल एवढं गवत होतं. पोरं ऐकायची. ऐकता ऐकता जांभई द्यायची.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. दाखवायला उरला होता अठरा एकरांचा एक तुकडा. रेल्वेचे रूळ आणि ओढा यांच्या बेचक्यात नांगर वळत नव्हता म्हणून वाचला, कुणाच्या पुण्याईनं वगैरे नव्हे. आणि त्या तुकड्यात दाखवायचं काय, तर नखाएवढं तपकिरी फुलपाखरू.

हे फुलपाखरू आसपासच्या सात जिल्ह्यांत दुसरीकडे कुठेही नव्हतं. त्याला पुस्तकी नाव होतं, पण ऑरविल हेम्के त्यांना मावश्या म्हणायचा. ऑरविल धान्याच्या कोठारावर आयुष्यभर वजनकाट्याशी बसलेला, आता निवृत्त झालेला म्हातारा. एकतीस वर्षं दर जुलैत दहा दिवस तो हा माळ पायांखाली घालून मावश्या मोजत आला होता.

"मावश्या का म्हणता?" मार्नीनं पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"आमच्या चर्चमध्ये माझ्या सहा मावश्या एका बाकावर बसायच्या. सगळ्यांचे झगे तपकिरी, काठाला जरा केशरी. एकीलाही उडता येत नव्हतं, एवढाच फरक."

पोरांना हे नाव तेवढं आवडलं. मार्नीनं फुलपाखराचं मोठं चित्र फळ्याला लावलं की कुणीतरी ओरडायचंच, "मावशी आली, गप्प बसा!" त्यातली यारेली ओचोआ नावाची एक मुलगी तर वहीच्या प्रत्येक पानावर मावशी काढायची. तिचे आईबाप डुकरं कापायच्या कारखान्यात पाळ्यांनी काम करायचे. घरात एका वेळी दोघं जागी सापडायची नाहीत, म्हणून ती मार्नीला पकडून बोलत बसायची.

माळ जिवंत ठेवायचा तर तो अधूनमधून जाळावा लागतो. नाहीतर झुडपं माजतात आणि गवत गुदमरून मरतं. पण मावश्यांच्या अळ्या हिवाळाभर गवताच्या बुडाशी झोपलेल्या असतात. जाळ लागला की त्या गेल्या. म्हणून नेम असा, की एका वर्षी अर्धाच माळ जाळायचा आणि उरलेल्या अर्ध्याला काही वर्षं हातही लावायचा नाही. आदल्या वर्षी पश्चिमेचा अर्धा जाळला होता. त्या जुलैत ऑरविलला एकसष्ट मावश्या दिसल्या, सगळ्याच्या सगळ्या पूर्वेच्या अर्ध्यात. म्हणजे त्या सात जिल्ह्यांतला त्यांचा सगळा संसार त्या नऊ एकरांत होता. ऑरविलनं तिथे लाल रंगाच्या खुंट्या ठोकल्या होत्या.

एप्रिलात हॅलरच्या शाळेची तीन बसगाड्या भरून पोरं जाळ बघायला येणार होती. पण पश्चिमेला गवत अजून विरळ होतं. पेटवलं असतं तर धूर झाला असता नुसता. गेल्या वर्षी ओल्या गवतानं तेच केलं होतं आणि अर्ध्या पोरांनी बसमध्ये परत जाऊ का म्हणून विचारलं होतं. ते मार्नीच्या मनाला लागलं होतं. ती ऑरविलकडे गेली.

"पूर्वेची एक पट्टी द्या. फक्त पश्चिमेला लागून असलेल्या कडेची. पोरांना खरा जाळ दिसू दे."

म्हातारा टोपीची कड चाचपायला लागला. "अगं पोरी, तिथे त्या झोपल्यात."

"कडेला कितीशा असणार? आणि ऑरविल, उद्या तुम्ही नसाल, मी नसेन. ही पोरं असतील. त्यांना हा माळ आपला वाटायला नको?"

हे वाक्य तिनं खूप शाळांत म्हटलं होतं. म्हाताऱ्यावर ते चाललं.

"दहा पावलं," तो म्हणाला. "अकरावं नाही."

पट्टी आखली. पट्टीच्या पूर्वेला चार पावलं रुंद जाळरेषा काढली, म्हणजे गवत मुळापर्यंत छाटून जमीन भिजवून ठेवली, की आगीनं तिथे थांबावं. पथकप्रमुख ट्रिश पाण्याच्या गाडीपाशी उत्तर टोकाला, ऑरविल पाठीवर पाण्याचा पंप बांधून दक्षिण टोकाला, आणि तेलाची मशाल मार्नीच्या हातात. वारा पश्चिमेकडून होता, म्हणून पोरं पश्चिमेला, धुराच्या मागे उभी केली. आग लावायची ती जाळरेषेला लागून. तिथून ती वाऱ्याच्या विरुद्ध, हळूहळू पोरांच्या दिशेनं सरकत येते आणि पट्टी खाऊन विझते. शहाण्या माणसांची रीत ती हीच.

पण शहाणी आग बघायला मजा येत नाही. पाव तास झाला तरी ज्वाळा घोट्याच्या वर चढेनात. आग दोन पावलं सरकली होती. मागे कुजबुज सुरू झाली, मग खिदळणं.

"ए, आमच्या बाबांची अंगणातली शेगडी याच्यापेक्षा मोठी असते!"

"मिस मार्नी, जेवायला कधी जायचं?"

शिक्षिकेनं घड्याळ बघितलं. साडेअकराला बस सुटणार होती. मार्नीनं मागे वळून पाहिलं तर पहिल्या रांगेतला एक मुलगा तोंड फाकवून जांभई देत होता. एवढी मोठी, की आतली पडजीभ दिसावी.

तिनं ट्रिशला विचारलं नाही. ऑरविलला विचारलं नाही. ती पट्टीच्या पश्चिमेच्या कडेला आली आणि मशाल जमिनीला टेकवून चालत सुटली. चाळीस पावलं. वारा पाठीशी मिळताच गवतानं असा आवाज केला, की सगळी पोरं एकदम गप्प झाली. मग ज्वाळा माणसाच्या दुप्पट उंच उठल्या आणि पोरांनी आनंदानं किंकाळ्या फोडल्या, उड्या मारल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या. यारेली दोन्ही हात डोक्यावर धरून नाचत होती. मार्नी त्यांच्याकडे बघत होती. खरं सांगायचं तर तिच्या दोन वर्षांतला तो सगळ्यात सुखाचा क्षण होता. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा.

जळती पाती वाऱ्यावर उडून जाळरेषेच्या पलीकडे पडली. एका ठिकाणी पडली असती तर विझवता आली असती. ती वीस ठिकाणी पडली. ट्रिश गाडी घेऊन धावली, ऑरविल ते ओझं पाठीवर घेऊन वयाला न शोभेल असा पळाला. नऊ एकर जळायला सात मिनिटं लागली. आग ओढ्यापाशी जाऊन आपली आपण विझली. पोरांना यातलं काही कळलं नाही. ती शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होती.

ट्रिशनं अहवालात लिहिलं, की वाऱ्याचा अचानक झोत आला. ती तेव्हा पाण्याच्या गाडीमागे होती, तिला खरंच तसं वाटलं होतं. मार्नीनं खाली सही केली. त्यानंतरच्या आठवड्यात शाळेतून पाकीट भरून आभाराची चित्रं आली. सगळ्या चित्रांत आग होती, लाल-पिवळी, कागद फाटेपर्यंत गिरवलेली. मार्नीनं ती चित्रं कपाटाच्या वरच्या फळीवर उलटी टाकली आणि रात्री जेवली नाही.

मे महिन्यात माळ हिरवागार झाला. जळलेला माळ होतोच तसा. जूनमध्ये फुलं अशी आली, की रस्त्यावरून जाणारे लोक गाडी थांबवून फोटो काढायला लागले. "मस्त काम करता तुम्ही लोक," एक बाई तिला म्हणाली. मार्नीला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. एखाद्या ओलसर खळग्यात जाळ पोचला नसेल, तिथे दोन-चार अळ्या राहिल्या असतील, दोन-चार पुरतात, असा हिशेब ती रोज करायची. त्या दोन-चारांवर ती दिवस ढकलत होती.

जुलैत मोजणी सुरू झाली. ऑरविल पुढे, मार्नी पाच पावलं मागे. पहिला दिवस शून्य. दुसरा शून्य. ढगाळ आहे, म्हातारा म्हणाला. चौथ्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. तरी शून्य. नवव्या दिवशी ओढ्याकाठी पाणी पिताना मार्नीला राहवेना.

"ऑरविल, झोत-बित काही नव्हता. मी लावली. वाऱ्याच्या बाजूनं, मुद्दाम."

"माहीत आहे."

ती गर्रकन त्याच्याकडे वळली.

"दिसत होतं की मला. तू मशाल घेऊन त्या कडेला चाललीस तेव्हाच कळलं."

"मग ओरडला का नाहीत? माझ्या थोबाडीत का नाही मारलीत?"

म्हाताऱ्यानं बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "एकतीस वर्षं मी लोकांना म्हणतोय, इकडे बघा. एकानं बघितलं नाही गं. त्या दिवशी पोरं बघत होती. म्हटलं, बघू देत जरा." मग तो उठला. "आता ही गोष्ट तुझ्या-माझ्यात राहू दे. पोरांना सांगायची नाही. उद्या येणार आहेत ती."

मार्नी शिवी ऐकायला गेली होती. तीही तिच्या नशिबात नव्हती. आता जे झालं होतं ते दोघांच्या डोक्यावर होतं, आणि वाटून घेतल्यानं ते तसूभरही कमी झालं नव्हतं.

दहाव्या दिवशी उन्हाळी वर्गाची बारा पोरं फुलपाखरं धरायच्या जाळ्या घेऊन आली. यारेली सगळ्यांच्या पुढे. तासाभरात तीच धापा टाकत आली, जाळीचं तोंड मुठीत घट्ट धरून.

"मावशी! मिस मार्नी, मावशी!"

ऑरविलनं चष्मा वर करून आत पाहिलं. रस्त्याकडेच्या गवतात ढिगानं मिळणारं साधं फुलपाखरू होतं ते. त्यानं मार्नीकडे बघून मान हलकेच नकारार्थी हलवली. सांगू नकोस, असंही त्यात होतं.

"ही ती नाही, बाळ," तो म्हणाला. "ही दुसरी."

"मग त्या कुठे आहेत? तुम्ही तर म्हणाला होता साठ आहेत."

"यंदा नाहीत."

"का?"

म्हातारा खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती. यारेली मार्नीकडे वळली. तिच्या तोंडाकडे बघून वाऱ्याच्या झोताची गोष्ट सांगणं मार्नीला काही केल्या जमेना. तीन महिने दडवलेलं ते आता थांबेना.

"जळाल्या," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये. मी आग जास्त लावली. चूक माझी आहे, यारेली, फक्त माझी."

ऑरविलनं डोळे मिटून घेतले.

यारेली विचार करत उभी राहिली. हुशार मुलगी, गणित सुटायला तिला वेळ लागला नाही.

"जास्त का लावली?"

मार्नीची नजर नकळत पोरांकडे गेली.

"आम्हाला दाखवायला?"

दूर बाकीची पोरं एकमेकांच्या डोक्यावर जाळ्या घालून पळत होती. शिक्षिका त्यांना रागावत होती. मार्नीला म्हणायचं होतं, नाही गं, तुमचा काही संबंध नाही, तुम्ही लहान आहात. पण ते खोटं आहे हे त्या मुलीला कळलं होतं.

यारेलीनं गुडघे टेकले, जाळीचं तोंड गवतावर उलटं केलं आणि ते साधं फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत श्वास धरून बसली. ते उडून गेल्यावर तिनं आजूबाजूला बघून, कुठलंही फूल मोडणार नाही अशा बेतानं एकेक पाऊल टाकत मागे मागे जायला सुरुवात केली. पायवाटेवर पोचल्यावर ती थांबली.

"मिस मार्नी," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "पुढच्या वर्षी शाळेतल्या कुणालाच इथे बोलवू नका हं."